मुलाचं वजन, शाळेचा ताण आणि आतली सूज: अमेरिकेतल्या लॅटिनो मुलांचं आपल्या मुलांना लागू पडतं का?

म्हार्दोळची_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. उंची १४३ सेंमी, वजन ५२ किलो. चौथीपर्यंत अगदी काटकुळा होता, पोराच्या बरगड्या मोजता येतात म्हणून सासूबाई मला बोलायच्या. पाचवीला शाळा बदलली आणि तिथून सगळं फिरलं. ज्यांना गोव्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोकणीतून असते आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत. माझा मुलगा मराठी शाळेत वर्गात हात वर करून करून बाईंना हैराण करायचा, तो पाचवीत गेल्यावर गप्पच झाला. त्यात माझे मिस्टर बोटीवर असतात, क्रूझवर, आठ-नऊ महिने बाहेर आणि मग दोन महिने घरी, तेव्हा घरात मी, सासूबाई आणि तो.

शाळेतून आला की बूटसुद्धा न काढता सरळ डब्यांच्या कपाटाकडे जातो. फरसाण, बिस्किटं, सकाळचा उरलेला पाव, जे असेल ते. उभ्याउभ्या खातो, खिडकीकडे तोंड करून. मी काही म्हटलं की डबा ठेवून खोलीत जातो आणि मी झोपले की परत उठून खातो, सकाळी डब्यावरून कळतं.

अजून एक सांगते, मला सांगायलाही लाज वाटते. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा आलाय, हाताला मखमलीसारखा लागतो. मला वाटायचं मळ आहे. दर रविवारी बेसन आणि लिंबू लावून घासायचे. एकदा इतकं घासलं की साल निघाली, पोरगं रडलं आणि मी वर त्यालाच ओरडले की नीट आंघोळ का करत नाहीस. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मान बघितली आणि म्हणाले, हा मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसलं की अशी कातडी होते, घासून जाणार नाही. ते ऐकल्यापासून तो रविवार डोळ्यांपुढून जात नाही.

रक्त तपासलं. साखर अजून बरी आहे, एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) थोडं वाढलंय, सीआरपी (सुजेची तपासणी) ४.८ आलं. डॉक्टर म्हणाले आत थोडी सूज दिसतेय, वजन उतरवा. म्हणून मी रोज सकाळी त्याला काट्यावर उभा करते आणि वहीत लिहिते.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली की तिकडे मेक्सिकन आणि इतर लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या घरांतल्या, मुलांबद्दल हेच बोललं जातं, की घरातला आणि शाळेतला ताण, वजन आणि शरीरातली सूज ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली असतात, नुसतं जेवण कमी करून भागत नाही. आता मला सांगा, ताणाने खरंच सूज येते का? की वजनाने येते? आणि तिकडच्या मुलांचं आमच्या पोरांना लावता येतं का? काट्यावर उभा राहताना तो डोळे मिटून घेतो, त्यामुळे मी बरोबर करतेय की चूक हेच मला कळेनासं झालंय.

लॅबवाली_म्हापसा

ताई, सगळ्यात आधी ते बेसन-लिंबाचं मनातून काढा. लॅबमध्ये मला चौदा वर्षं झाली, रक्त घ्यायला आलेल्या मुलांच्या माना लाल झालेल्या कितीतरी वेळा बघितल्यात, दर आई तेच करते. त्याला अकँथोसिस म्हणतात, आणि इन्सुलिन सुधारलं की तो पट्टा हळूहळू फिका पडतो.

आता सीआरपी. हे प्रोटीन लिव्हर बनवतं. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की आयएल-६ नावाचा निरोप लिव्हरला जातो आणि लिव्हर सीआरपी सोडतं. मुलाला तपासणीच्या आठवड्यात सर्दी, घसा, दाढ, पायाला जखम असं काही होतं का आठवून बघा, कारण साध्या सर्दीनेही हा आकडा वर जातो. दहाच्या वर आला तर आम्ही सरळ इन्फेक्शन समजतो आणि बरं झाल्यावर परत करायला सांगतो. तुमचा ४.८ त्या मधल्या भागात आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन-तीन आठवड्यांनी, मूल ठणठणीत असताना, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी, म्हणजे तीच तपासणी जास्त बारकाईने मोजणारी, परत करा. १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त हे जे रिपोर्टवर छापलेलं असतं ते मोठ्या माणसांच्या हृदयविकाराच्या धोक्यासाठी ठरवलेलं आहे, पोरांना ते जसंच्या तसं लावून घाबरू नका.

वजनाने सूज येते का तर हो, हा संबंध पक्का आहे आणि वेगवेगळ्या देशांत मुलांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलाय. चरबी म्हणजे कोठारात ठेवलेलं भात नव्हे की नुसतं पडून राहील. पोटातली चरबी वाढली की त्या पेशी ताणल्या जातात, तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि तीच चरबी आयएल-६, टीएनएफ असले निरोप दिवसरात्र सोडत राहते. आग दिसत नाही पण निखारा विझत नाही, तशी ती सूज. एसजीपीटी वाढलंय म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठतेय का तेही बघायला हवं. वजन जास्त असलेल्या मुलांचं लिव्हर नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान एकदा तपासावंच असं पोटाचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आहात.

ताणाचं थोडं गुंतागुंतीचं आहे. ताण आला की मेंदू अॅड्रिनल ग्रंथींना सांगतो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सुटतं. खरं तर कॉर्टिसॉल सूज कमी करतं, म्हणून तर डॉक्टर स्टिरॉइड देतात. पण ताण महिनोन्महिने राहिला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात, घरात रोज कुणी ओरडत असलं की पोरं जशी ऐकेनाशी होतात तशा, आणि मग सूज आवरणारं कुणी उरत नाही. शिवाय कॉर्टिसॉलमुळे गोड-तेलकट खावंसं वाटतं, झोप बिघडते आणि चरबी पोटाकडे जास्त जाते. म्हणजे ताण थेट पण काम करतो आणि वजनाच्या वाटेने पण. मात्र मुलांमध्ये ताण आणि सीआरपीचा थेट संबंध वजनाएवढा स्वच्छ दिसत नाही, कुठल्या अभ्यासात दिसतो कुठल्या नाही, आणि दिसला तरी त्यातला बराच भाग वजनातून आलेला असतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच म्हणेन की दोन्ही आहे, आणि वजनाचा वाटा मोठा आहे.

मडगावकर_काका

मी जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ताण कुणाला नव्हता? माझे वडील खाणीवर होते, आम्ही पाच भावंडं, फी भरायला पैसे नसायचे, पण जाड कोण होतं? आज पोराच्या हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात पुडा. कोपऱ्यावरच्या गाड्यावर दहा वर्षांची पोरं संध्याकाळी कटलेट पाव आणि वर बाटलीतलं गोड पाणी घेताना बघतो, त्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते. हे सगळं सोडून आपण मनाच्या ताणाच्या गोष्टी करायला लागलो की आईबाप सुटतात आणि पोरगं अडकतं.

मी हे उगाच म्हणत नाहीये. माझा धाकटा भाऊ असाच गुबगुबीत, सगळ्यांचा लाडका, कुणी कधी त्याला काही म्हटलं नाही. चव्वेचाळीसाव्या वर्षी गेला. साखर होती, कुणी कधी तपासली नव्हती. म्हणून सांगतो, त्या काट्यावर उभं करणं बंद करू नका. आज रडला तरी चालेल.

आणि ती अमेरिकेतली लॅटिनो मुलं, त्यांचं खाणं वेगळं, रक्त वेगळं, त्यांचा आमच्याशी काय संबंध?

खोऱ्यातून

मी मूळची पेडण्याची, गेली अकरा वर्षं कॅलिफोर्नियाच्या सॅन होकीन खोऱ्यात आहे, शाळांच्या आरोग्य तपासणीत काम करते. माझ्याकडे येणारी दहातली आठ मुलं लॅटिनो असतात. काका, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण संबंध काय ते सांगते, कारण मला तर रोज दिसतो.

लॅटिनो हे एक रक्त नाहीच मुळी. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्व्हादोर, प्वेर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, कुणाच्यात मूळचे आदिवासी पूर्वज जास्त, कुणाच्यात युरोपीय, कुणाच्यात आफ्रिकन. सरकारी मोजणीत, २०१७ ते मार्च २०२० या काळात, अमेरिकेतल्या दोन ते एकोणीस वर्षांच्या हिस्पॅनिक (साधारण लॅटिनोंसाठीच वापरतात तो शब्द) मुलांपैकी २६.२ टक्के लठ्ठ निघाली, गोऱ्या मुलांत ते १६.६ टक्के होतं. अनुवंशिकतेचा भाग आहेच. पीएनपीएलए३ नावाच्या जीनचा एक प्रकार लिव्हरमध्ये चरबी साठवायला मदत करतो आणि तो हिस्पॅनिक लोकांत सगळ्यात जास्त सापडतो. पण गेल्या चाळीस वर्षांत तो जीन बदललेला नाही, मुलांची वजनं मात्र वाढलीत.

इथली बरीच मुलं शेतमजुरांची. आईबाप पहाटे चारला उठून स्ट्रॉबेरी नाहीतर लेट्यूस तोडायला जातात. ज्या खोऱ्यातून अर्ध्या देशाला भाजी जाते तिथे या मुलांच्या घराजवळच्या दुकानात बघायला गेलं तर पुडे आणि सोडा. घरात जागा नाही, बाहेर खेळायला सुरक्षित नाही, उन्हाळ्यात ४० डिग्रीच्या वर, हवेत धूळ आणि औषधं. आणि त्याच्यावर भीती. आईबापांपैकी कुणाचे इथे राहायचे कागद नसले तर मूल शाळेतून घरी जाताना गाडी दिसली तरी थबकतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

या भीतीचं वजन मोजलं गेलंय म्हटलं तरी चालेल. १२ मे २००८ ला आयोवा राज्यात पोस्टव्हिल या छोट्या गावात मांसाच्या कारखान्यावर इमिग्रेशनची धाड पडली, ३८९ लोकांना धरलं. नंतर मिशिगनच्या संशोधकांनी अख्ख्या आयोवातल्या जन्मनोंदी बघितल्या तर धाडीनंतर लॅटिना आयांच्या बाळांचं वजन कमी असण्याचा धोका आदल्या वर्षापेक्षा २४ टक्क्यांनी जास्त, आणि गोऱ्या आयांमध्ये तशी वाढ नाही. ज्या आया त्या गावात राहतही नव्हत्या, अमेरिकेत जन्मलेल्या होत्या, त्यांच्यातही दिसलं. म्हणजे धाड एका कारखान्यावर पडली आणि ती पोटातल्या बाळापर्यंत पोचली.

म्हार्दोळच्या ताई, तुमच्या मुलाची शाळा वाचली आणि मला एक मुलगी आठवली. दहा वर्षांची होती. तिच्या आईला इंग्रजी येत नाही, त्या दिवशी दुभाषा आला नव्हता (खरं तर मुलांकडून हे काम करून घ्यायचंच नसतं) आणि डॉक्टर तिच्याकडे बघून बोलत राहिले. ती एकेक वाक्य आईला स्पॅनिशमध्ये सांगत होती. डॉक्टर म्हणाले हिच्या लिव्हरमध्ये चरबी आहे, आणि ती थांबली. स्वतःच्या फ्रॉकची कड बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग आईकडे वळून एवढंच म्हणाली, "सगळं ठीक आहे म्हणतायत, भाजी खायला सांगतायत." मला तेवढी स्पॅनिश येते. मी बाहेर आल्यावर तिला विचारलं का गं, तर म्हणाली, आई आधीच रात्री झोपत नाही. दहा वर्षांच्या पोरीने आईचा ताण कमी करायला स्वतःचा आजार गिळला. हा ताण काट्यावर कुठे दिसणार?

इथे या मुलांना लाडाने गोर्दितो, गोर्दिता म्हणतात, म्हणजे आपलं गुबड्या, ढब्बू. आजीला नातू गोर्दितो असला की समाधान. आणि तोच शब्द शाळेत टोमणा होतो. तुमच्या सासूबाईंची बरगड्यांची तक्रार वाचून मला हसू नाही आलं, घशात आलं.

मोठे अभ्यासही चाललेत. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या हिस्पॅनिक कुटुंबांवर एक मोठा अभ्यास आहे, त्यातल्याच घरांतली आठ ते सोळा वर्षांची सुमारे चौदाशे-पंधराशे मुलं २०१२ ते २०१४ मध्ये तपासली, त्यात रक्तही घेतलं आणि घरातलं वातावरण, नव्या देशात जमवून घेण्याचा ताण हेही विचारलं. कॅलिफोर्नियातल्याच सॅलिनास खोऱ्यात बर्कले विद्यापीठाच्या लोकांनी १९९९ पासून शेतमजूर आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू ठेवलाय, ती मुलं आता पंचविशीत आली. लोक ताण आणि शरीर हे दोन्ही एकत्र मोजतायत कारण वेगवेगळं मोजून काही हाती लागत नाही.

लॅबवाली_म्हापसा

काकांच्या "रक्त वेगळं" यावर दोन शब्द. आपलं रक्तही काही फार सुरक्षित नाही काका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तोच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. आपली बाळं जन्मतःच लहान आणि तरीही चरबी जास्त अशी असतात हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत दाखवलं. म्हणून तर भारतीय मुलांच्या वाढीच्या तक्त्यात लठ्ठपणाची रेघ गोऱ्यांपेक्षा खाली ओढलेली आहे. लॅटिनो मुलं आणि आपली मुलं, दोघांचं पोट आणि लिव्हर लवकर भरतं. शेजारीच आहोत आपण त्यांचे.

आणि काट्याबद्दल. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन हजारांवर मुलींचा एक अभ्यास आला. दहाव्या वर्षी ज्यांना घरच्यांनी किंवा बाहेरच्यांनी "जाड" म्हटलं होतं त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता जास्त निघाली, आणि दहाव्या वर्षीचं वजन हिशेबात धरूनसुद्धा. म्हणजे शब्दाने वजन उतरलं नाही, चढलं.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन गावात १९७२-७३ ला जन्मलेली हजारभर मुलं मोठी होईपर्यंत बघितली, तर ज्यांना लहानपणी मारहाण, हेळसांड सोसावी लागली त्यांचं सीआरपी बत्तिसाव्या वर्षीही जास्त. तुमच्या घरी तसलं काही नाही ताई, ते सांगण्यासाठी नाही लिहिलं. लहानपणचा ताण शरीर किती वर्षं धरून ठेवतं तेवढ्यासाठी लिहिलं.

मास्तर_वास्को

मी मुरगाव तालुक्यात शिकवतो, पाचवी ते सातवी. ताईंचं पहिलं वाक्य वाचूनच ओळखलं, कारण दर जूनमध्ये अशी आठ-दहा मुलं माझ्यासमोर बसतात. एप्रिलपर्यंत मराठीत नाहीतर कोकणीत भूगोल सांगणारं मूल जूनमध्ये "मे आय गो टू टॉयलेट" म्हणायचं धाडस होत नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून बसतं. पाणी पीत नाही. डबा खात नाही कारण डब्याच्या सुट्टीत बोलावं लागतं. आणि मग चार वाजता घरी जाऊन डब्यांच्या कपाटासमोर उभं राहतं. त्याने दिवसभर काही खाल्लेलंच नसतं ताई! तुम्ही एकदा त्याचा शाळेतला डबा परत येतो का, की कुणाला देऊन टाकतो, की वाटेत टाकतो ते बघा.

माझ्या वर्गात कन्नड मुलं पण आहेत, बापू बंदरात नाहीतर बांधकामावर. ती मुलं घरी कन्नड, रस्त्यावर हिंदी, मित्रांशी कोकणी आणि वर्गात इंग्रजी. दवाखान्यात, रेशन दुकानात, बँकेत आईबरोबर तीच जातात. खोऱ्यातल्या ताईंनी ती मुलगी सांगितली ना, तशा मुली इथेही आहेत, फक्त त्यांच्यावर कुणी अभ्यास केलेला नाही.

एक प्रसंग सांगतो. आधीच्या एका शाळेत, नाव नको, दर सहा महिन्यांनी आरोग्य कार्डासाठी वजन घ्यायचो. रांग लावून एक जण काट्याजवळ आणि एक जण वही घेऊन पाच हात लांब, म्हणून आकडा ओरडून सांगायचा. "चोपन्न!" आणि रांग हसायची. मी पण त्यातलाच, ओरडणारा मीच होतो. त्या दिवशी एक मुलगा काट्यावर चढलाच नाही, दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरून उभा राहिला. नंतर महिनाभर तो पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणायचा. ज्या मुलाला खेळायची सगळ्यात जास्त गरज होती त्याचा खेळ मी बंद केला. आता आम्ही एकेकाला खोलीत घेतो, काट्याचा आकडा आमच्या बाजूला, मुलाला विचारल्याशिवाय सांगत नाही.

काका, तुमचं पुड्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत असले जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०२० मध्ये आलाय, तो आपण आईबापांनी आणि मास्तरांनी धरून बसायला हवा. मुलाला एकट्याला पुड्याशी लढायला लावायचं आणि हरला की ओरडायचं हे बरोबर नाही, एवढंच.

मडगावकर_काका

मास्तर, तो गजाचा प्रसंग वाचून थांबलो जरा. माझ्या भावाला आम्ही कधी ओरडलो नाही हे खरं, पण सगळे जण ढोल म्हणायचो. लाडानेच. तो कधी समुद्रावर आमच्याबरोबर उतरायचा नाही, वाळूत कपड्यांवर बसून राहायचा. मला इतकी वर्षं वाटायचं त्याला पाणी आवडत नाही.

खाण्याचं मात्र मी सोडणार नाही. ताई, सकाळी पोदेर (पाववाला) येतो ना तुमच्याकडे, त्याच्याकडून मैद्याचा पाव न घेता पोई घ्या, कोंडा असतो तिच्यात. उकड्या तांदळाची पेज आणि सोबत थोडं नुस्तं (मासळी), हे मुलाला दहा वाजता मिळालं तर दुपारी पुडा लागत नाही. शाळेला जमत नसेल तर सुट्टीच्या दिवशी तरी. आणि डबे कपाटात ठेवूच नका, घरात कुणीच खाऊ नका, आजीनेही.

खोऱ्यातून

काकांच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. घरात एकट्या मुलासाठी वेगळा नियम केला की ती शिक्षा होते, सगळ्यांसाठी केला की घराची रीत होते. आम्ही इथे आयांना हेच सांगतो, तोर्तिया (त्यांची मक्याची पोळी) आणि राजम्यासारख्या शेंगा, म्हणजे त्यांचे फ्रिहोलेस, हे तुमचं जुनं जेवण चांगलंच आहे, ते सोडू नका, सोडा सोडा. मेक्सिकोने तर १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि २०२० पासून पुड्यांवर काळे अष्टकोनी शिक्के, साखर जास्त, कॅलरी जास्त असे, लहान मूलही वाचेल एवढे मोठे.

बाकी झोप बघा ताई. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. तुम्ही लिहिलंय तुम्ही झोपल्यावर तो उठून खातो, म्हणजे तो जागाच असतो. झोप कमी झाली की भुकेचं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं, तेव्हा रात्रीचा डबा हा त्याचा हट्ट नाही, शरीर मागतंय. वडील फोन किती वाजता करतात? बोटीवरची वेळ वेगळी असते म्हणून विचारतेय.

म्हार्दोळची_आई

सगळ्यांना एकत्रच लिहिते, तीन दिवस वेळ मिळाला नाही.

खोऱ्यातल्या ताई, तुम्ही कसं ओळखलंत. मिस्टरांचा फोन आमच्या रात्री साडेबारा-एकला येतो, त्यांची ड्युटी तेव्हा संपते. मला वाटायचं मुलगा झोपलेला असतो. विचारलं तर म्हणाला, "मी बाबांचा आवाज ऐकतो, तू काय सांगतेस तो." मी काय सांगायचे, तर आज वजन इतकं आलं, आज परत डबा रिकामा केला, डॉक्टर असं म्हणाले. इतके दिवस तो अंधारात हे ऐकत होता. मिस्टरांना सांगितलं, आता रविवारी त्यांच्या सुट्टीच्या वेळेत, संध्याकाळी, आधी मुलाशी बोलतात आणि मग माझ्याशी.

मास्तर, डबा तुम्ही म्हणालात तसाच. दप्तराच्या तळाला चपाती-भाजीचा डबा होता, तसाच बंद, भाजीला वास येत होता. दिवसभर उपाशी होता पोर. वर्गात बसायची जागा बदलून त्याच्या जुन्या शाळेतल्या मुलाशेजारी दिली तर डबा खातो का ते बघूया असं त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, त्या चांगल्या आहेत. आता डबा निदान अर्धा रिकामा येतो. गणिताचे शब्द मी आणि तो मिळून एका वहीत इंग्रजी-मराठी लिहितोय, तीच ती वजनाची वही, मागच्या बाजूने उघडून.

काटा मी माळ्यावर टाकला. सासूबाई म्हणाल्या डॉक्टरांनी सांगितलंय ना वजन बघायला. डॉक्टरांनाच फोन केला, ते म्हणाले महिन्यातून एकदा दवाखान्यात बघू, घरी रोज नको, आणि मला नवीनच सांगितलं की या वयात उंची वाढतेय तेव्हा वजन आहे तिथे थांबलं तरी बरंच काम होतं, किलो उतरायलाच हवेत असं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! शाळेबद्दल कुणाशी बोलावं विचारलं तर त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, फुकट आहे आणि मराठीत बोलतात, आणि पर्वरीच्या संगात या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेत मुलांसाठी विचारून बघा म्हणाले.

लॅबवाली_म्हापसा

ऊर भरून आला ताई. आता तपासणीचं सांगते, परत सीआरपी करायला जाल तेव्हा त्याला सर्दी-खोकला नसावा, आदल्या आठवड्यात लस घेतलेली नसावी. सीआरपीला उपाशीपोटी जायची गरज नाही. लिव्हरची सोनोग्राफी सांगितली असेल तर तिला मात्र उपाशी जावं लागतं, म्हणून ती सकाळची पहिली वेळ मागून घ्या, पोराला जास्त वेळ उपाशी ठेवू नका आणि बरोबर काहीतरी खायला न्या. सुई टोचताना त्याला आधी सांगा. "काही दुखत नाही" असं म्हणू नका, दुखतं ते त्याला माहीत आहे.

आणि एक, रिपोर्ट त्याच्यासमोर वाचून फोनवर कुणाला सांगू नका, तेवढं सांभाळा.

म्हार्दोळची_आई

सोमवारी सकाळी साडेसातची वेळ मिळालीय, दोन्ही एकदमच. येताना त्याने फोंड्याच्या बाजारातून कलिंगड आणूया म्हटलंय. मान अजून तशीच काळी आहे, रात्री झोपताना आता मी तिथे नुसतं खोबरेल लावते, तो पालथा पडून शाळेतलं काय काय सांगत असतो. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.